भाच्याचा प्रश्न आणि रामटेकचे खासदार

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मध्ये दोघातिघांनी विचारलं, "काय, बंद पडलं का तुमचं लिखाण?" बंद पडलं नव्हतं, विषय सुचत नव्हता. तो या वेळी रामटेकला गेल्यावर आयताच मिळाला, आणि दिला तो माझ्या भाच्याने. (बेबी, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.)

त्रिपुरी पौर्णिमेला गेलो होतो. टिपूर बघायला गडावर जायचं हा आमच्या घरातला जुना नेम. मी पुण्याहून, दादा नागपूरहून आणि धाकटी बहीण तर गावातच. अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढताना बहिणीने हळूच मला कामगिरी सोपवली. भाचा यंदा दहावीत आहे. त्याला पुढे आयटीआय करायचंय. इलेक्ट्रिशियन. मार्क वाईट नाहीत, उलट चांगले आहेत, आणि म्हणूनच घरात जास्त गोंधळ. "तू इंजिनिअर आहेस, तुझं ऐकेल तो. जरा समजाव."

मी समजावलं. आधी बारावी कर, मग इंजिनिअरिंग, इलेक्ट्रिकलच घे हवं तर, हातात डिग्री असली की बरं असतं, वगैरे वगैरे. जे आपण सगळेच बोलतो ते. पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मोठे मामा फिटरच होते ना? मग त्यांचं काय वाईट झालं?"

मोठे मामा म्हणजे आमचा दादा. तो आमच्यापुढे चार पायऱ्यांवर होता. त्याने ते ऐकलं. मागे वळून मात्र बघितलं नाही.

मलाही उत्तर देता आलं नाही. रात्री घरी आल्यावर झोप लागेना, तेव्हा हा सगळा जुना हिशोब डोक्यात सुरू झाला. आणि गंमत म्हणजे तो हिशोब फिरून फिरून आमच्या रामटेकच्याच एका खासदारापाशी येऊन थांबायला लागला. तोच आज तुम्हाला सांगतो.

रामटेक म्हटलं की बाहेरच्या लोकांना कालिदास आठवतो. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. खाली नगरधन, म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या देवाच्या पायाशी बसून दिलेला आहे, असं त्यातच कोरलंय. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याने अचलपूरजवळचं चम्मक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं, त्याचाही ताम्रपट सापडला आहे. पण त्यात अटी आहेत! राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाया करायच्या नाहीत, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. पाळलं तर गाव तुमचं, नाही पाळलं तर राजा ते परत घेईल. आजच्या अनुदानाच्या जीआरची मला फार आठवण झाली. विद्येसाठी सरकारी अनुदान आणि त्यामागोमाग अटी-शर्ती, हे आपल्या विदर्भात दीड हजार वर्षांहून जुनं आहे म्हणायचं. ज्यांनी याच गडावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाची देवळं दगडातून उभी केली, त्यांना कुठलं गाव मिळालं होतं का? पोथीवाल्याला ताम्रपट आणि छिन्नीवाल्याला मजुरी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नरसिंहाचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या नरसिंहाकडे येऊ.

१९८४ च्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रामटेकला काँग्रेसचे उमेदवार होते पी. व्ही. नरसिंह राव. ते एकाच वेळी दोन जागांवरून उभे होते, त्यांच्या घरच्या हनमकोंड्याहून आणि आमच्या रामटेकहून. हनमकोंड्याला ते पडले आणि रामटेकला निवडून आले. घरच्यांनी नाकारलं आणि आम्ही ठेवून घेतलं! बाहेरचा उमेदवार म्हणून गावात कुरबूर होतीच. पण आमचे बाबा म्हणायचे, "तेलगू माणूस आहे खरा, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलतो." मला तेव्हा याचं फार आश्चर्य वाटायचं. त्या शुद्ध मराठीचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि ते कारण शिक्षणाच्या धोरणाशीच जोडलेलं निघालं.

साल १९३८. निजामाचं राज्य. उस्मानिया विद्यापीठ आणि त्याच्या हाताखालची कॉलेजं यांतल्या मुलांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. औरंगाबादेत, हैदराबादेत, वरंगलकडे. विद्यापीठाने मनाई केली, मुलं ऐकेनात, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यात हनमकोंड्याच्या कॉलेजातला सतरा वर्षांचा एक मुलगा होता, करीमनगर भागातल्या वंगारा गावचा. तोच हा नरसिंह राव.

काढून टाकलेल्या मुलांचं पुढे काय? निजामाच्या मुलखात दुसरं विद्यापीठ नव्हतं. उस्मानियाचं शिक्षण उर्दू माध्यमातून झालेलं. शेजारच्या इंग्रजी मुलखातल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम वेगळे, नियम वेगळे. वर्ष मधेच तुटलेलं. अशा वेळी दार उघडलं ते नागपूर विद्यापीठाने. विद्यापीठ अवघं पंधरा वर्षांचं (स्थापना १९२३ ची) आणि कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी या मुलांना सामावून घेतलं. दुसऱ्या प्रांतातली, दुसऱ्या राज्यकर्त्याने शिक्षा केलेली, दुसऱ्या भाषेत शिकलेली मुलं.

आज आपण विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं? सामंजस्य करार, दोन्ही बाजूंचे झेंडे, फोटो. १९३८ साली करार कसला? एका विद्यापीठाने मुलांना हाकललं आणि दुसऱ्याने घेतलं, बस्स. पण मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या कितीतरी मुलांची आयुष्यं त्याने सावरली. नरसिंह राव नागपूरहून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले, तिथे बी. एस्सी. झाले आणि कायद्याच्या पदवीसाठी पुन्हा नागपूर विद्यापीठात आले. मराठी त्यांना आली ती अशी. पुढे त्यांनी हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा तेलुगूत अनुवाद केला. म्हणजे बाबांना जी मराठी शुद्ध वाटायची तिच्यामागे केदारांच्या विद्यापीठाने उघडलेलं ते दार होतं.

आता पुढचं पान. सप्टेंबर १९८५ मध्ये केंद्रात शिक्षण खात्याचं नाव बदलून मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं आणि त्याचे पहिले मंत्री झाले आमचे खासदार, पी. व्ही. नरसिंह राव. १९८८ च्या जूनपर्यंत ते त्या जागेवर होते. १९८६ च्या मे महिन्यात संसदेने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं ते त्यांच्याच कारकिर्दीत. १९६८ नंतरचं हे दुसरं धोरण. खडू-फळा मोहीम त्यातलीच, नवोदय विद्यालयं त्यातलीच. तंत्रशिक्षण परिषदेला, म्हणजे एआयसीटीईला, कायद्याचं बळ मिळालं ते १९८७ मध्ये, त्याच धोरणापाठोपाठ.

ते धोरण मी या वेळी नीट बसून वाचलं. त्यातल्या तीन गोष्टींपाशी मी थांबलो.

पहिली गोष्ट. उच्च शिक्षणात, विशेषतः तंत्रशिक्षणात, एका प्रदेशातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रदेशात जाऊन शिकता आलं पाहिजे, तो मूळचा कुठला हे बघायचं नाही, गुणवत्ता बघायची, असं त्यात म्हटलंय. विद्यापीठ हे साऱ्या विश्वाचं असतं, या अर्थाचंही लिहिलंय. सरकारी कागदात अशी वाक्यं असतातच, म्हणून आपण पुढे जातो. पण हा कागद ज्या मंत्र्याच्या सहीसाठी गेला तो मंत्री सतराव्या वर्षी कॉलेजातून हाकलला गेला होता आणि परमुलखातल्या विद्यापीठाने त्याला जवळ केलं होतं, हे लक्षात घेऊन वाचलं की तेच वाक्य वेगळं वाटतं. ते त्यांनी स्वतः लिहिलं की कुणा अधिकाऱ्याने, ते मी सांगू शकत नाही. पण त्याचा अर्थ त्या खोलीत सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल, ते उघड आहे.

आणि हे नुसतं वाक्य राहिलं नाही. नवोदय विद्यालयांत ते उतरलं. १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालयं प्रयोगादाखल सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. त्यामागे नरसिंह रावांचाच आंध्रातला अनुभव होता, तिथे १९७१ मध्ये नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेलला ग्रामीण हुशार मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना. शिवाय नववीतली ३० टक्के मुलं एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये जाऊन राहतात, हिंदी मुलखातली बिगरहिंदी मुलखात आणि तिकडची इकडे. नागपूर जिल्ह्याचं नवोदय रामटेकच्या शेजारीच, पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे. युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली ती १९८७ मध्ये, पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी. तिचं नाव जगभर झालं. आमच्याकडे शेतकऱ्याचं चौदा वर्षांचं पोर ट्रंक घेऊन वर्षभरासाठी परभाषेत राहायला जातं, त्याचं कौतुक कुणाच्या कानावरही नाही. असो.

दुसरी गोष्ट. निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची गाठ सोडवायला सुरुवात करू, असं धोरणात लिहिलंय. म्हणजे ज्या कामाला पदवी लागत नाही तिथे पदवी मागायची नाही. १९८६ मध्ये! आज आमच्याकडे कारकुनाच्या जागेला कोण कोण अर्ज करतं ते तुम्ही पेपरात वाचताच.

तिसरी गोष्ट आमच्या घराची. अकरावी-बारावीच्या टप्प्यावर १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे, असं उद्दिष्ट होतं. त्याच वर्षी, १९८६ मध्ये, शिकाऊ उमेदवारीचा कायदाही दुरुस्त केला. मूळ कायदा १९६१ चा. कारखान्यांनी ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिलं पाहिजे, असा. सुरुवातीला तो फिटर, टर्नर, वेल्डर अशा व्यवसायांपुरता होता. १९७३ मध्ये त्यात पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर आले, आणि १९८६ च्या दुरुस्तीने बारावीला व्यवसाय विषय घेतलेली मुलं आली. महाराष्ट्रात त्यासाठी एमसीव्हीसी सुरू झालं, जुन्या वाचकांना आठवत असेल.

कागदावर जोडणी छान होती. शाळेत हाताचं काम शिका, कारखान्यात उमेदवारी करा, नोकरीला लागा, पदवी नसली तरी अडू नका.

आता दादाचं सांगतो.

दादा दहावीनंतर आयटीआयला गेला, फिटर. १९८२ मध्ये पास झाला आणि नागपूरजवळच्या एका कारखान्यात वर्षभर ॲप्रेंटिस होता. पहाटे उठून जायचा, रात्री यायचा. हाताला ग्रीसचा वास असायचा, तो साबणाने जायचा नाही. त्या वर्षात तो जेवढं शिकला तेवढं मी चार वर्षांच्या डिग्रीत शिकलो नाही, हे आज मी शपथेवर सांगेन. बेअरिंगच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. वर्ष संपलं त्या दिवशी त्याला एक कागद मिळाला, उमेदवारीचा काळ पूर्ण झाल्याचा. बस्स. आईने देवापुढे साखर ठेवली होती, तिला वाटलं नोकरी लागली. कायद्यात ते कलम तेव्हाही होतं: उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. हे शिकाऊ उमेदवाराच्या आईला कोण समजावून सांगणार?

पुढची साडेतीन वर्षं दादाने वर्कशॉपमध्ये रोजंदारी केली. मग कायम नोकरी लागली, घर बांधलं, मुली शिकवल्या, २०२२ मध्ये रिटायर झाला. भाच्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच आहे. काहीही वाईट झालं नाही.

मग आम्ही सगळे एवढे का घाबरतो?

कारण त्याच सुमाराला महाराष्ट्रात दुसरंही एक दार उघडलं होतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी विदर्भात इंजिनिअरिंग करायचं तर नागपूरचं प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६० चं, त्यातही अर्ध्या जागा इतर राज्यांतल्या मुलांना), अमरावतीचं सरकारी कॉलेज, असे मोजके पर्याय. रसायन तंत्रज्ञानासाठी नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था. तीही उभी राहिली ती कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण या मँगनीज खाणमालकाने १९३० मध्ये विद्यापीठाला ठेवलेल्या सुमारे ३५ लाखांच्या मृत्युपत्रातून. १९८३ नंतर चित्र पालटलं. १९८५ मध्ये खुद्द रामटेकला कविकुलगुरू इन्स्टिट्यूट आलं. कालिदासाच्या गावात कालिदासाच्याच नावाने इंजिनिअरिंग कॉलेज! पुढे १९९७ मध्ये संस्कृत विद्यापीठही आलं, त्यासाठी डॉ. श्रीकांत जिचकारांनी पुष्कळ खटपट केली.

ही कॉलेजं आली नसती तर माझ्यासारखे हजारो जण इंजिनिअर झाले नसते, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण एक झालं. डिग्रीचं दार गावात आलं. ते फी भरून उघडत होतं आणि आत गेल्यावर लग्नाच्या बाजारापासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळीकडे मान मिळत होता. शेजारचं आयटीआयचं दार फुकटाच्या जवळपास होतं, पण त्यातून बाहेर पडलेल्याला ओटीवर खुर्ची मिळेल याची खात्री नव्हती. धोरण म्हणत होतं २५ टक्के मुलं या दाराने आत या. लोकांनी ओटीवरच्या खुर्च्या मोजल्या आणि दुसऱ्या दाराकडे गेले.

त्या २५ टक्क्यांचं काय झालं? १९९१ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले. १९९२ मध्ये त्यांच्याच सरकारने १९८६ च्या धोरणाची सुधारित आवृत्ती काढली. त्यात आकडे तेच राहिले, तारखा तेवढ्या बदलल्या: १० टक्के १९९५ पर्यंत, २५ टक्के २००० पर्यंत. तेही झालं नाही. मग २०२० चं नवं धोरण आलं. त्यात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधाराने जो आकडा दिलाय तो वाचून मी चष्मा पुसला. १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. नव्या धोरणाने पुन्हा आकडा ठेवला: २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. २०२५ पण आलं.

सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. २०१४ मध्ये शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यातली मालकाला तुरुंगाची शिक्षा काढली आणि दंड ठेवला, म्हणजे कारखानदार भिऊन लांब पळणार नाहीत. २०१६ मध्ये विद्यावेतनाचा काही वाटा केंद्राने उचलायची योजना आली. पदवीच्या अभ्यासातच उमेदवारी घालायचे नियमही झाले. २०२४ मध्ये महाराष्ट्राने कार्य प्रशिक्षण योजना काढली, बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. हे आकडे जरा पुन्हा वाचा. पंखा दुरुस्त करता येतो की नाही याचा यात प्रश्नच नाही. कागद जेवढा वरचा, तेवढे पैसे जास्त. पोथीवाल्याला ताम्रपट!

म्हणून मला असं वाटायला लागलंय. नरसिंह रावांच्या धोरणातला विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा भाग टिकला. कारण पोरगं दारात येऊन उभं राहिल्यावर त्याला आत घेणारं कुणीतरी तिथे होतं. १९३८ मध्ये केदार होते, नवोदयमध्ये ती शाळाच असते, वसतिगृहात कॉट आणि पंगतीत पान ठरलेलं असतं. हाताच्या कामाचा भाग टिकला नाही, कारण दाराच्या आत कुणी उभंच नव्हतं. कारखान्याने वर्षभर शिकवून कागद दिला. सरकारने तारखा पुढे ढकलल्या. आणि आपण? आपण घरातले लोक काय करत होतो?

आता मी जे लिहिणार आहे ते दादाने वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून लिहितो.

मी १९९० मध्ये विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगला गेलो. बाबांच्या पगारात ती फी बसण्यासारखी नव्हती. चार वर्षं दादाने ओव्हरटाइम केला. रविवारी पण. माझ्या ड्रॉइंग बोर्डाचे पैसे, हॉस्टेलची मेस, शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट, सगळं त्या फिटरच्या पगारातून. आणि तेव्हापासून आजपर्यंत घरातल्या प्रत्येक लग्नात आमची ओळख कशी करून दिली जाते? "हा आमचा इंजिनिअर, पुण्याला असतो." मग जरा थांबून, "आणि हा मोठा."

आणि हा मोठा. तीस वर्षांत कुणी "हा आमचा फिटर" म्हटलं नाही. मी पण म्हटलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ते मला खटकलंही नाही, पंधरा वर्षांच्या पोराने गडाच्या पायऱ्यांवर विचारेपर्यंत.

तेव्हा बेबी, माझं मत विचारशील तर पोराला आयटीआयला जाऊ दे. दोन वर्षांनी वाटलं तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, पुढे डिग्रीचीही वाट असते, दारं बंद होत नाहीत. उमेदवारी चांगल्या ठिकाणी मिळते का ते आपण सगळे मिळून बघू. आणि उमेदवारी संपल्यावर नुसता कागद हातात पडला तर त्या दिवशी मी रामटेकला येईन. दादाच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो, काही करू शकलो नाही. आता करू शकतो. तुला अजूनही पटत नसेल तर फोन कर, भांडू.

पुढच्या महिन्यात काकूंच्या नातीचं लग्न आहे, बहुतेक सगळे भेटालच. मांडवात मी नवऱ्याकडच्या मंडळींना ओळख करून देणार आहे, आणि क्रम या वेळी मी ठरवलाय. "हा आमचा दादा, फिटर होता. याच्या ओव्हरटाइमवर मी इंजिनिअर झालो."

दादा नेहमीसारखा म्हणेल, "कशाला उगाच." म्हणू दे.